खोड: झाडाचं, बैलाचं आणि पोराचं

रावेर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंनी विचारलं आहे: 'मूळ, खोड, पान' हा धडा घेताना सातवीच्या वर्गातून तीन प्रश्न आले. झाडाचं खोड आणि वाईट खोड हा शब्द एकच कसा? खोडरबराचा झाडाशी काय संबंध? आणि पुस्तक म्हणतं केळीला जमिनीवर खरं खोड नसतं, तर मग घड उतरवल्यावर घरचे लोक कोयत्याने कापतात ते काय?

ताई, तिन्ही प्रश्न चांगले आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, बोलीतले शब्द वहीत टिपून ठेवायची सवय (खोड म्हणा हवं तर) अजून सुटलेली नाही, आणि घरची शेती यावलकडे, केळीची. त्यामुळे थोडी लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिल्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी एक तयार उत्तर मिळतं. झाडाचं खोड एकदा वाकडं वाढलं की सरळ होत नाही, वाईट सवयीचंही तसंच, म्हणून तिला खोड म्हणायचं. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण पुराव्यादाखल पुढे केली जाते. वर्गात सांगायला सोपं, पोरांनाही लगेच पटतं. मला ते पटत नाही. 'खोड' शब्दाचा वाकडेपणाशी काही संबंध दिसत नाही. त्याचा संबंध तुटण्याशी आहे. या शब्दाच्या मुळाशी उभं हिरवं झाड नसून तोडल्यावर उरलेलं लाकूड आहे. एकदा हे धरलं की झाडाचं खोड, बैलाची खोड, पोराची खोडी, कैद्याचा खोडा, उसाचा खोडवा आणि दप्तरातलं खोडरबर, सगळं ओळीने लागतं.

आधी व्याकरण बघून घेऊ, कारण पोरांना ते स्वतः तपासता येतं. झाडाचं ते खोड, सवय मात्र ती खोड. एक नपुंसकलिंगी, दुसरी स्त्रीलिंगी. अनेकवचन 'खोडं' आणि 'खोडी'. विभक्ती लावली की फरक आणखी उघडा पडतो: 'खोडाला कीड लागली', पण 'या खोडीला औषध नाही'. आता लिंग वेगळं म्हणजे शब्दच वेगळा, असं लगेच ठरत नाही. 'ती पाठ' आणि 'तो पाठ' हे खरोखर वेगळे. पहिला 'पृष्ठ'पासून आला, दुसरा संस्कृतातून जसाच्या तसा, आणि योगायोगाने दोघांचं रूप सारखं झालं. 'ते खोड' आणि 'ती खोड' यांचं तसं नाही. ही दोन सख्खी भावंडं आहेत. पण भावंडं म्हणजे एक दुसऱ्याचं अपत्य नव्हे. सवयीची खोड झाडाच्या खोडापासून जन्मली नाही, दोघांचा बाप वेगळाच आहे.

तो कोण, हे शोधायला देवघरात जा. सहाणेवर उगाळायला जो चंदनाचा तुकडा असतो त्याला आपण 'चंदनाचं खोड' म्हणतो. वीतभर लांबीचा तो तुकडा कुठल्याही झाडाचा बुंधा नाही. तोडलेला, तासलेला लाकडाचा ठोकळा आहे. कुणालाही तिथे 'खोड' म्हणताना अडखळायला होत नाही.

तिथून शेतात या. ऊस तोडल्यावर जमिनीत जे बुडखे राहतात त्यांना पुन्हा फुटवे येतात. त्या पिकाला खोडवा म्हणतात आणि त्याच्यानंतरच्या पिकाला निडवा. पहिली लागण कितीही जोमदार उभी असली तरी तिला कोणी खोडवा म्हणत नाही. कोयता चालल्यावरच ते नाव लागतं. आपल्याकडे केळीचं मुख्य पीक निघाल्यावर पिलांवर, म्हणजे बुडाशी फुटलेल्या नव्या रोपांवर, जी बाग धरतात तिला पिलबाग म्हणतात तसं खोडवाही म्हणतात. म्हणजे 'खोडवा' या शब्दातलं खोड हे नक्कीच कापून उरलेलं बूड आहे.

तिसरा साक्षीदार खोडा. जाड लाकडाला भोकं पाडून त्यात गुन्हेगाराचे पाय अडकवायचे, ही जुन्या काळची शिक्षा. आता तो खोडा कुणी पाहिलेला नाही, पण वर्तमानपत्रात रोज असतो: 'रस्त्याच्या कामाला खोडा', 'भूसंपादनाने घातला खोडा'. तोही मुळात लाकडाचा ओंडकाच. आणि 'जुनं खोड' म्हणून आपण ज्या मुरलेल्या माणसाला कौतुकाने किंवा वैतागाने हाक मारतो, तिथेही डोळ्यांपुढे पानाफुलांनी डवरलेलं झाड नसतं. फांद्या गेलेल्या, पण हलत नाही असा बुंधा असतो.

मग जिवंत झाडाच्या मधल्या भागाला पूर्वी काय म्हणत असत? संस्कृतात त्याची नीट सोय होती. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात व्याख्याच दिली आहे: मुळापासून फांदी फुटेपर्यंतचा झाडाचा भाग तो प्रकांड किंवा स्कंध. आणि फांद्या नसलेल्या नुसत्या ठुंठ्याला वेगळा शब्द, स्थाणू. जिवंत बुंधा एक, ठुंठा दुसरा, अशी स्वच्छ वाटणी. मराठीपर्यंत येताना यातले शब्द पांगले. 'स्कंध'चा झाला खांदा आणि तो झाडावरून उतरून माणसाला चिकटला; खेड्यात फांदीला 'खांदी' म्हणतात तेवढी त्याची झाडावरची आठवण उरली. 'प्रकांड' झाडावरून गेला तो थेट पंडितांच्या मागे. प्रकांड पंडित म्हणताना कुणाला झाड आठवतं? 'कांड' उसाच्या कांड्यात राहिला. म्हणजे मुळापासून फांदीपर्यंतच्या भागाला मराठीत जुनं नाव राहिलंच नाही. ती रिकामी जागा दोन शब्दांनी भरून काढली. एक 'बुंधा', जो 'बुध्न' म्हणजे तळ, बूड यावरून आला आणि मूळ अर्थाप्रमाणे अजूनही झाडाच्या खालच्या जाड भागालाच जास्त शोभतो. दुसरा 'खोड'. माझं मत असं की ओंडक्याचं नाव आधी होतं आणि ते मागाहून उभ्या झाडावर चढलं. लाकूडतोड्याच्या नजरेने पाहिलं तर यात नवल काही नाही. त्याला उभ्या झाडातही ओंडकाच दिसतो.

आता जरा जुन्या पुस्तकांकडे वळू, पण थोडंच. बाराव्या शतकात गुजरातेत पाटणला हेमचंद्र नावाचा जैन आचार्य होऊन गेला. त्याने प्राकृताचं व्याकरण लिहिलं आणि संस्कृतातून न निघणाऱ्या देशी शब्दांचा एक कोशही केला, 'देशीनाममाला'. व्याकरणात तो सांगतो की 'तुड्' म्हणजे तोडणे या धातूऐवजी प्राकृतात अनेक धातू वापरतात. त्या यादीत 'तोड' आणि 'तुट्ट' यांच्या शेजारी 'खुट्ट' आणि 'खुड' आहेत. यातला 'तोड' आपला तोडणे, 'तुट्ट' आपला तुटणे, आणि 'खुड' म्हणजे आपलं खुडणे: मेथी खुडतो, कपाशीचा शेंडा खुडतो, ते. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी जो शब्द तोडण्यासाठी होता तो आजही तोडण्यासाठीच आहे, फक्त कोवळ्या गोष्टींपुरता. त्याच हेमचंद्राच्या देशी कोशात 'खोड' हा शब्दही आहे आणि त्याचे दोन अर्थ आपल्या कामाचे: शिवेवर पुरलेलं लाकूड, आणि लंगडा.

हे दोन अर्थ एका जागी बघून पहिल्यांदा गंमत वाटते. शिवेवरचा खुंटा आणि लंगडा माणूस यांचं नातं काय? पण मूळ अर्थ 'तुटका' धरला की दोन्ही सरळ आहेत. तोडलेलं लाकूड जमिनीत पुरलं तर खुंटा. माणसाचा पाय तुटका, आखूड पडला तर लंगडा. लंगड्याला 'खोड' म्हणणं हेमचंद्राहून जुनं आहे; अमरकोशात माणसांच्या व्यंगांच्या यादीत 'खोड' म्हणजे खंज, लंगडा, असं स्पष्ट आहे. संस्कृत धातुपाठात, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीत, 'खोर्' असा एक धातू आहे, 'खोड्'चाच जुळा, आणि त्याचा अर्थ दिला आहे 'गतिप्रतिघात', म्हणजे चालीला आडकाठी. खोडा घालणे याची याहून नेमकी व्याख्या मला तरी सुचणार नाही.

शेजारचं आणखी एक घराणं बघा म्हणजे ही वाट एकट्या 'खोड'ची नाही हे पटेल. 'खुंट' म्हणजे तोडून उरलेला बुडखा. त्यावरून खुंटा, ज्याला गाय बांधतो, खुंटी, जिला सदरा अडकवतो, जात्याचा खुंटा. आणि त्याच शब्दावरून 'वाढ खुंटली'. उन्हाळ्यात पाणी ओढून धरलं की केळीची वाढ खुंटते, तेव्हा तिला कुणी कापलेलं नसतं. पण भाषा तसंच म्हणते, जणू वरून तोडलं. इथेही लाकडाच्या तुकड्यापासून सुरुवात आणि उणीवेपाशी शेवट. 'खोट' हा शब्दही मी याच ओळीत बसवतो. सोन्यातली खोट म्हणजे सोन्यातली उणीव, आणि ज्यात खोट ते खोटं. कामात खोळंबा झाला तर 'माझी खोटी झाली' म्हणायची रीत आहे ना, अहिराणीत 'मनी खोटी व्हई गई', ती खोटीही खरं-खोट्यातली नाही, खोळंबण्यातली आहे. पुन्हा गतिप्रतिघात.

सगळ्यात भक्कम पुरावा मात्र पुस्तकात नाही, शेजाऱ्याकडे आहे. खान्देशात राहण्याचा हा फायदा. नंदुरबार-शहाद्याकडे गुजर घरांत गुजरातीला जवळची गुजरी बोली बोलतात, नवापूरच्या पलीकडे तर गुजरातच. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सनने १९०७ साली निघालेल्या भारताच्या भाषा-पाहणीच्या खंडात खानदेशीला (म्हणजे अहिराणीला) भिल्ली बोलींच्या सोबत बसवलं होतं, मराठीच्या खंडात नाही. त्यावर आपल्याकडचे लोक अजून भांडतात. ते भांडण इथे नको. पण गुजराती कानावर असणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, झाडाच्या खोडाला गुजरातीत काय म्हणतात. उत्तर येईल 'थड'. 'खोड' नाही. आणि तरीही 'खोड' गुजरातीत आहे, भरपूर आहे, पण अर्थ एकच: दोष, व्यंग, वाईट सवय. शरीराच्या व्यंगाला तिकडे 'खोडखांपण' म्हणतात, हा अगदी रोजचा शब्द. लंगडण्याला 'खोडंगावुं'. आणि 'खोडवुं' म्हणजे काय, तर खुंटा जमिनीत ठोकून रोवणं. हेमचंद्राचे दोन्ही अर्थ, शिवेवरचं लाकूड आणि लंगडा, त्याच्याच मुलखात आजतागायत जिवंत आहेत. सौराष्ट्रातल्या खोडियार मातेची लोककथा तर सगळ्यांना ठाऊक: पायाला इजा झाल्यामुळे ती लंगडत आली, म्हणून तिचं नाव खोडियार पडलं. नावामागची कथा कथा म्हणूनच घ्यावी, पण ती ज्यांनी सांगितली त्यांना 'खोड' म्हणजे लंगडेपणा हे समजावून सांगावं लागत नव्हतं, एवढं तर तिच्यातून दिसतं.

आता विचार करा. जर वाईट सवयीचा अर्थ झाडाच्या वाकड्या खोडावरून आला असता, तर ज्या भाषेत झाडाच्या खोडाला 'खोड' म्हणतच नाहीत तिथे तो अर्थ उगवला कसा? वाकड्या झाडाची गोष्ट इथेच संपते.

शरीराच्या व्यंगापासून स्वभावाच्या व्यंगापर्यंत हा शब्द कसा गेला, याचं उत्तर मला जनावरांच्या बाजारात मिळतं. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार म्हणून ती देशभर माहीत आहे. तिथे पैसेवाले हौशी असतात, पण खरी नजर असते ती जुन्या पारख्यांची. घोडा समोर आला की ते किंमत विचारत नाहीत, आधी फेरी मारतात. खूर, गुडघे, दात, डोळे. मग अंगावरचे केसांचे भोवरे. गळ्याखालचा भोवरा, देवमण, शुभ मानतात, तर काही ठिकाणचे भोवरे अशुभ, आणि असा भोवरा असला की म्हणतात, 'घोड्याला खोड आहे.' या भोवऱ्यांवर माझा विश्वास नाही, केसांच्या वळणाने घोडा कुणाचं काही बिघडवत नाही. पण शब्द बघा: घोडा धडधाकट आहे, पाय चारही शाबूत, तरी 'खोड' आहे. म्हणजे शब्द लंगडेपणावरून सरकून कुठल्याही उण्यावर आला.

बैलाच्या व्यवहारात तो आणखी एक पाऊल पुढे जातो. बैल दिसायला देखणा, वयाने चारदाती, पण औताला जुंपला की बसकण मारतो. किंवा एकाच बाजूने चालतो, दुसऱ्या बाजूला जुंपला की जू टाकतो. किंवा नेमका धन्यालाच शिंग दाखवतो. या सगळ्या खोडी. शरीरात कुठेच काही नाही, आहे ते वागण्यात. विकणारा छातीवर हात ठेवून सांगतो, 'बिनखोडीचा बैल आहे, पाटील, घरी नेऊन आठ दिवस चालवून बघा.' या बोलीवर किती व्यवहार झाले आणि त्यातले किती पुढे भांडणापर्यंत गेले, ते बाजारात बसणारे सांगतील. आणि बैलाची खोड सहसा सुटत नाही, हे तर प्रत्येक शेतकऱ्याला पाठ. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण मला या गोठ्यातली वाटते. बैलाकडून ती माणसाकडे आली.

पोरांची खोडी हा त्याचाच सौम्य अवतार. बैलाने खोड केली तर औत थांबतं; पोराने खोडी काढली तर शेजारच्या मुलीची वेणी ओढली जाते. शब्द तोच, धार गेली. खोडकर मुलाला तर आई कौतुकानेही खोडकर म्हणते. 'खोडसाळ'मध्ये मात्र विष शिल्लक आहे, म्हणून तो शब्द निवेदनांत आणि निषेधाच्या पत्रकांत सापडतो, अंगणात नाही. तुमच्या वर्गात लेवा घरांतली मुलं असतील तर त्यांच्या आजीच्या तोंडी 'ळ'चा 'य' होतो, केळीची 'केयी' होते आणि डोळ्याचा 'डोया'; त्याच चालीने 'खोडसाळ'चंही काय होईल ते मुलांनाच ओळखायला सांगा. आजी बोलते ते चुकीचं नाही, नियमाने चालतं, हे कळायला याहून सोपा पाठ नाही.

दुसरा प्रश्न, खोडरबर. याला फार वेळ लागणार नाही. खोडणे म्हणजे लिहिलेल्यावर रेघ मारून ते रद्द करणं. ओळ मधोमध तोडणं म्हणा. त्यावरून खाडाखोड, आणि एखाद्याचं म्हणणं खोडून काढणं. या क्रियापदाचं नातं झाडाशी नाही, खुडण्या-तोडण्याशी आहे, म्हणजे फिरून त्याच कुटुंबाशी. कुरकुर करायचीच तर अशी करता येईल की खोडरबर खोडत नाही, पुसतो. खोडल्यावर शब्द रेघेखाली दिसत राहतो. जुन्या दस्तांत खाडाखोड दिसली की कागद संशयास्पद ठरायचा तो यामुळेच. पुसल्यावर शब्द उरतच नाही. पण 'पुसरबर' कुणी म्हणत नाही, आणि भाषेला अशी आज्ञा देता येत नाही. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने पेन्सिलीची रेघ एका चिवट डिंकासारख्या पदार्थाने घासून निघते असं नोंदवलं. रबर या इंग्रजी नावाचा अर्थच मुळी 'घासणारा'. तो पदार्थ येतो रबराच्या झाडाच्या चिकापासून, आणि चीक काढायला झाडाच्या खोडावरच्या सालीला तिरकी चीर देतात. म्हणजे खोडरबर खोडातून आला हे खरं, पण नावातलं खोड ते नव्हे. वर्गातल्या चौकस पोराला ही शेवटची गोष्ट जरूर सांगा. तो ती घरी जाऊन सगळ्यांना सांगत सुटेल.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्यात पोरांचा राग आहे. ज्या केळीमुळे जळगावला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, जिच्यावर अर्ध्या वर्गाची घरं चालतात, तिला खोडच नाही म्हटल्यावर राग येणारच.

आधी एक लक्षात घ्या. पुस्तकातलं 'खोड' आणि शेतातलं 'खोड' यांचा आवाका वेगळा आहे. शेतकरी प्रत्येक पिकाच्या उभ्या भागाला खोड म्हणत नाही. ज्वारीचा धांडा. दादरचाही (रब्बी ज्वारीचाही) धांडाच, आणि कापून बांधला की कडबा. कपाशीची पऱ्हाटी. तुरीची तुराटी. गव्हाचं काड. उसाचं कांडं. भोपळ्याचा वेल. खोड म्हणायचं ते निंबाचं, बाभळीचं, आंब्याचं आणि हो, केळीचं. विज्ञानाच्या पुस्तकाने या सगळ्यांना एकाच शब्दाखाली आणलं, कारण त्याला बाहेरच्या रूपाशी देणंघेणं नाही. ज्याला पेरं असतात, पेरांवर डोळे असतात आणि डोळ्यांतून फुटवा येतो, ते खोड. या हिशेबाने बटाटा खोड ठरतो, आलं आणि हळद खोड ठरतात. रताळं मात्र मूळ. शेतकऱ्याला बटाट्याला खोड म्हणा, तो तुमच्याकडे बघत राहील. पण पुस्तकाचा शब्द आता शेतातही उतरू लागला आहे, तो औषधांच्या जाहिरातींवाटे: मक्यावरचा खोडकिडा, ज्वारी-सोयाबीनवरची खोडमाशी. धांड्यात शिरलेल्या अळीला 'धांडेकिडा' कुणी म्हणत नाही. वीस-तीस वर्षांत 'खोड' शब्दाने धांड्याची बरीच जागा घेतलेली असेल असा माझा अंदाज आहे, आणि मला त्याचं थोडं वाईटही वाटतं.

आता केळ. पुस्तक म्हणतं ते बरोबर आहे. जमिनीवर जो गोल, जाड खांब दिसतो तो पानांच्या देठांची आवरणं एकात एक घट्ट गुंडाळून झालेला असतो. नवं पान आतून, मधोमध, सुरळीच्या रूपात वर येतं आणि जुनी आवरणं बाहेर ढकलली जातात. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्याला डोळे असतात आणि त्या डोळ्यांतूनच पिलं फुटतात. तलवारीसारखी अरुंद पानांची पिलं आपण पिलबागेला राखतो, बाकीची कापतो. म्हणून या उभ्या खांबाला पुस्तकात 'आभासी खोड' म्हणतात.

पण गोष्ट इथे पुरी होत नाही, आणि बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात. केळ निसवायच्या, म्हणजे फुलावर यायच्या, वेळी कंदाचा शेंडा पानं काढणं थांबवतो आणि या पोकळ सुरळीच्या मधून वर चढू लागतो. पांढरा, भरीव, मनगटाएवढा दांडा. तोच टोकाशी केळफूल घेऊन बाहेर पडतो आणि पुढे त्याच्यावर घड लागतो. हा दांडा म्हणजे खरं खोड, जमिनीखालून वर आलेलं. केरळ-बंगालमध्ये त्याची भाजी करतात. आपण मात्र आवरणांसकट फेकून देतो. म्हणजे न निसवलेल्या केळीला जमिनीवर खोड नाही हे खरं, आणि निसवलेल्या केळीच्या पोटात ते आहे हेही खरं. तुमच्या वर्गातली पोरं घड उतरवल्यावर जे कापलेलं बघतात त्यात बाहेरून आवरणं आणि मध्ये हे खरं खोड असतं. त्यांचं म्हणणं अर्ध्याहून जास्त बरोबर आहे, असं त्यांना सांगून टाका.

कंदाला प्रत्येक शेंड्यावर एकदाच फूल येतं. घड निघाला की त्या खांबाचं काम संपलं, म्हणून तो कापावाच लागतो. जाणते शेतकरी तो एकदम जमिनीलगत कापत नाहीत, काही दिवस अर्धा उभा ठेवतात, म्हणजे त्यातला ओलावा आणि अन्नांश शेजारच्या पिलाला मिळतो. त्या अर्ध्या कापलेल्या ठुंठ्याला 'खोड' म्हणणारा माणूस शब्दाच्या सगळ्यात जुन्या अर्थाला धरून बोलतो. तोच खांब सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाच्या चार कोपऱ्यांना बांधला की आपण म्हणतो 'केळीचे खुंट'. तोडलेला, म्हणून खुंट. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर ती पानंच आहेत. मराठीला विचारलं तर कापून आणलेली ती वस्तू खुंटही आहे आणि खोडही. परीक्षेच्या पेपरात 'आभासी खोड' लिहायला सांगा, बागेत 'खोड' म्हणू द्या.

आणि तोंडी समजावण्यापेक्षा दाखवा. रावेरमध्ये कापलेली केळ मिळणं अवघड नाही. कुणाच्याही वडिलांना सांगा, घड उतरवलेलं एक आणि उपटून टाकायचं न निसवलेलं एक, अशी दोन आणून देतील. दोन्ही मांडीएवढ्या उंचीवर आडवी कापा. न निसवलेल्यात वर्तुळात वर्तुळं दिसतील आणि अगदी मधोमध नव्या पानाची कोवळी सुरळी. बोटाने एकेक आवरण सोलत गेलं तर शेवटी हातात काहीच उरत नाही. आवरणांच्या आत जाळीसारखे हवेचे कप्पे असतात, आणि भोवतीच्या गरात पाणी भरलेलं. तेवढा मोठा खांब एका माणसाला उचलत का नाही, ते तिथे कळतं. निसवलेल्यात मधला दांडा पांढराशुभ्र आणि भरीव दिसेल. तो कापून पोरांच्या हातात द्या. कंदही खणून आणता आला तर उत्तम. त्यावरचे डोळे दाखवले की बटाट्याचे डोळे आपोआप आठवतील आणि दोन्ही खोडं का, हे तुम्हाला सांगावं लागणार नाही.

केळीची जुनी बसराई जात कुणाच्या बागेत अजून असेल तर तीही आणा. तिचं खोड ग्रँड नैन या जातीपेक्षा ठेंगणं असतं, पोरांना सोलायला सोपं जाईल. फक्त कापायच्या आधी गणवेशाच्या बाह्या वर करायला सांगा. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावर पडला की काळा होतो आणि निघत नाही, आणि मग संध्याकाळी आयांचे फोन तुम्हाला येतील.